आईच्या डोळ्याचा नकाशा

४ नोव्हेंबर, मंगळवार
वाशीला आईच्या मोतीबिंदूची तपासणी. तिला ते महागातलं भिंग हवंय — लांबचं, जवळचं सगळं दिसतं, चष्मा लागत नाही. डॉ. राजलक्ष्मींनी डोळे मोजले, परत मोजले, मग दुसऱ्या मशीनवर बसवलं. स्क्रीनवर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा रंगीत नकाशा आला. मधोमध निळा — म्हणजे चपटा.
"नंबर घालवायचं लेसर झालंय का कधी?"
"नाही." आई लगेच म्हणाली.
पप्पा हसले. "हिला चष्माच नव्हता कधी, मॅडम."
डॉक्टर नुसत्या म्हणाल्या, "घरी जाऊन आठवून बघा. त्यावर भिंग ठरतं."

५ नोव्हेंबर
आई म्हणते मशीन बिघडलं असेल. दोन्ही?

६ नोव्हेंबर, गुरुवार
राहवेना. ऑफिस सुटल्यावर एकटीच डॉक्टरांकडे गेले. "आईंबद्दल नाही, डोळ्यांबद्दल विचार," म्हणाल्या. मग विचारतच सुटले.
एकच भिंग दोन माणसांच्या डोळ्यांत सारखं चालत नाही! हे भिंग उजेड वाटून देतं — थोडा लांबसाठी, थोडा जवळसाठी. पुढचा पडदा चपटा केलेला असेल, बाहुली अंधारात जास्तच मोठी होत असेल, तर दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. पामबीच रोडला संध्याकाळी गाडी चालवायची म्हणजे पंचाईत. डोळा कोरडा असेल तर मापंच रोज वेगळी. आणि लेसर झालेलं लपवलं, तर नेहमीच्या हिशेबाने भिंगाचा नंबरच चुकतो.
"आणि डोळा लांबीला जास्त असला तर?" आईच्या रिपोर्टवर तसं लिहिलंय.
"तर बहुतेक मोठा मायनस नंबर असतो. लेसरने पडदा चपटा होतो, डोळा आखूड होत नाही."
रिक्षात बसल्यावर डोक्यात पेटलं. माझा नंबर मायनस साडेसहा, चष्मा पाचवीपासून. घरात दुसऱ्या कुणालाच चष्मा नाही. गोजराआजी अजून म्हणते, "मोबाईल बघून बघून पोरीनी डोले घालवले."

९ नोव्हेंबर, रविवार
आई ओट्याशी कोलंबी सोलत होती. आजी देवळात, पप्पा सोसायटीच्या मीटिंगला. विचारलं, "आई, किती नंबर होता?"
हातातली कोलंबी सोलून पातेल्यात टाकली. मग म्हणाली, "साडेसात."
लग्न ठरताना या घरून निरोप गेला होता — फोटोवरून पोरगी पसंत आहे, पण चष्मेवाली असेल तर नको. मामाने पैसे घातले, मुंबईला नेऊन लेसर केलं. बघायला आले तेव्हा चष्मा नव्हता.
"तुझ्या आजीचा निरोप. पहिल्यांदा सांगायचं राहिलं, मग भीती वाटायला लागली."
"आणि माझा चष्मा? मोबाईलवरून मी बोलणी खाल्ली, तू गप्प!"
"गप्प होते," म्हणाली. "तुझा चष्मा आणला त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले मी."
राग आहे. पण तिच्या हाताला कोलंबीचा काटा लागला तेव्हा मीच हळद शोधत होते.

१० नोव्हेंबर
आईने डॉक्टरांना स्वतः सांगितलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. आधी थेंब घालून कोरडेपणा कमी करायचा, मग परत मापं, हिशेब वेगळ्या पद्धतीने. महागातलं भिंग तुमच्या डोळ्याला नको, म्हणाल्या — साधं बसवू, लांबचं छान दिसेल, वाचायला चष्मा लागेल.
आई पदराशी चाळा करत बसली. मग मला म्हणाली, "म्हणजे चष्मा लागणारच."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर आईने खिडकीतून वाशी स्टेशनचा बोर्ड वाचून दाखवला. पप्पांनी सगळ्या नर्सना पेढे वाटले. त्यांना अजून काही माहीत नाही.

४ जानेवारी, रविवार
आई नवा चष्मा लावून आजीसमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं — नंबर, लेसर, निरोप.
आजी उसळलीच. "मी कवा बोलली गो? मना काय करायचा व्हता तुझा चष्मा? चष्मेवाली नको, ह्यो तुझा नवरा दिपेश बोललेला."
पप्पा दारातच उभे होते. आईने चष्मा काढला नाही.