हिचं पुस्तक खिशात

उजूचे आबा,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण हात धजेना. सतरा वर्षांच्या संसारात कधी लिहिलं नाही. तुम्ही कुपवाडला कारखान्यात, मी इथं वडूजला, पत्रं लिहायचे दिवस ते होते. तेव्हा मी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर नुसता निरोप धाडायची, ‘बरं चाललंय म्हणावं.’ आणि आता तुमचा पत्ता उरला नाही, तर वही घेऊन बसलेय. शहाणीच की नाही मी!

आज दुपारी शाळेचा शिपाई घरी आला. एका हातात शाळेचा कागद, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत आपल्या उजूचा वॉकमन. हेडसरांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय की कुमारी उज्ज्वला हिची दृष्टी अधू असल्यामुळे तिला वर्गात कानाला यंत्र लावून धडे ऐकण्यास परवानगी देण्यात येत आहे. मी तो कागद तीनदा वाचला. मिळाली हो परवानगी! ज्या कागदासाठी तुम्ही खाडे करून शाळेच्या पायऱ्या झिजवल्या, तो मिळाला. तुम्हाला जाऊन तीन महिने झाल्यावर मिळाला.

शिपाई म्हणाला, “तोंड गोड करा की वैनी.” मी त्याच्या हातावर साखर ठेवली आणि आत जाऊन चुलीपुढं बसले. उठताच येईना मला. का येईना, ते सांगायलाच हे पत्र. मी एक मोठी चूक केलीय, आबा. तुमच्याशिवाय कुणापुढं बोलू? जरा धीरानं घ्या.

तुम्हाला मिरजेचा दवाखाना आठवतो? उजू सातवीत होती. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागची नस सुकत चाललीय, चष्म्यानं काही होणार नाही, पुढं पुढं अक्षर दिसणार नाही. मी पायरीवर बसून तोंडात पदर कोंबला. आणि तुम्ही? तुम्ही ढिम्म उभे! म्हणालात, “डोळं जात्यात तर जाऊ द्यात. कान हायत न्हवं? रडतीस काय?” असा राग आला होता तुमचा! बाप आहे का धोंडा, असं वाटलं मला.

पण पुढच्या खेपेला तुम्ही कुपवाडहून आलात ते सातवीचं इतिहासाचं पुस्तक कॅसेटमध्ये भरूनच. तुमच्या खोलीवर, दुसरी पाळी असली की सकाळी सगळे आंघोळीला गेल्यावर टेपरेकॉर्डर पुढं ठेवून तुम्ही वाचायचात. मागं शेजारच्या वर्कशॉपची धडधड. आणि तुमचं वाचणं तरी काय वर्णावं! पुस्तकात ‘आहे’ असलं तरी तुमच्या तोंडून ‘हाय’च. मधेच थांबून, “उजे, हितं एक चित्र हाय. घोड्यावर कोन तरी बसलंय. शाई फुटलीया, नीट दिसत न्हाई. तुझं काय अडत न्हाई, चल फुडं.” पोरगी हसून हसून लोळायची. आणि पाठ मात्र घडाघडा म्हणायची. आठवीत वर्गात तिसरी आली, तेव्हा तुम्ही कारखान्यात पेढे वाटलेत म्हणे. मला का नाही सांगितलं? मला ते तुमच्या दहाव्याला कारखान्यातल्या तुमच्या जोडीदाराकडून कळलं.

नववीत घोडं अडलं. वर्गात गुरुजी म्हणायचे, “धडा उघडा, बघून उत्तरं लिहा.” पोरं पुस्तकं उघडायची आणि आपली उजू हात मांडीवर ठेवून बसून राहायची. वर्ष संपता संपता एक दिवस तिनं वॉकमन नेला, कानाला लावला आणि पहिल्यांदा सगळ्यांबरोबर उत्तरं लिहिली, स्केचपेननं, मोठाल्या अक्षरांत. तास संपायच्या आत हेडसरांनी यंत्र काढून कपाटात कुलूपबंद केलं.

तुम्ही पाळी बुडवून आलात. मी पण होते बरोबर, दाराशी उभी. हेडसर वाईट नव्हते, खोटं कशाला बोलू. पण अडून बसले. “आज हिला यंत्र दिलं तर उद्या चाळीस पोरं चाळीस यंत्रं आणतील. कोण धडा ऐकतंय आणि कोण सिनेमाची गाणी, हे मी काय कानात डोकावून बघू? घरी ऐकू दे की!”

तुम्ही टोपी काढून हातात घेतली होती. म्हणालात, “सर, बाकीच्यांची पुस्तकं दप्तरात असत्यात. हिचं पुस्तक खिशात. एवढाच फरक हाय बगा. तुमी त्यांची पुस्तकं न्हाई कपाटात ठेवत.”

हेडसर म्हणाले, अर्ज द्या. तुम्ही दिलात. मग म्हणाले, डॉक्टरचा दाखला जोडून द्या. तोही दिलात. मग म्हणाले, कमिटीपुढं ठेवतो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सोडा आता, पोरीच्या जातीला एवढं कशाला?” तुम्ही माझ्याशी वडूज स्टँडपर्यंत बोलला नाहीत. बरोबर केलंत. आणखी चार दिवस बोलायला नको होतं.

दहावीची पुस्तकं शेजारच्या पास झालेल्या मुलीची आणून तुम्ही सुट्टीभर वाचलीत. अकरा कॅसेटा, मागच्या इयत्तांच्याच पुसून भरलेल्या. जूनमध्ये टेपरेकॉर्डरसकट घरी आणून फळीवर लावल्यात आणि म्हणालात, “सुमन, ही उजूची दहावी. जपून ठेव.” माझ्या हातात दिलंत हो तुम्ही! माझ्याच हातात!

मग ऑगस्टमध्ये एसटीडीवाल्याचा पोरगा पळत आला. कुपवाडचा फोन, मशिनीवरच छातीत कळ आली, मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आधी दुखत होतं का तुमच्या छातीत? दुखत असणारच. मग बोलला का नाहीत? त्या टेपपुढं तासन् तास बोलायला दम होता, आणि मला एवढं एक वाक्य सांगायला नव्हता?

आता लिहिते. आता लिहितेच.

तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर, घर माणसांनी भरलेलं होतं. आणि माजघरातून तुमचा आवाज आला. “हां उजे, धडा पयला. कान दे.” तुमची आई किंचाळली. पोरीला तुमची आठवण आली होती, तिनं टेप लावला होता, एवढंच. पण म्हातारी माणसं म्हणाली, “गेलेल्या मानसाचा आवाज घरात फिरवू न्हाई. जीव गुततो त्येचा. फुडं जाईत न्हाई.” आत्याबाई म्हणाल्या, “बंद करा गं ते. आनि त्येला जे आवडत हुतं ते संगं द्या, म्हंजी मागं बघायचा न्हाई.”

मारुती भाऊजी अस्थी घेऊन माहुलीला संगमावर निघाले होते. मी पिशवी भरली. तुमचा चष्मा, तंबाखूची चंची, चहापत्तीची पुडी. आणि मग फळीवरच्या अकराच्या अकरा कॅसेटा काढून पिशवीत घातल्या.

मला कुणी सांगितलं नव्हतं, आबा. आत्याबाई आवडीचं द्या म्हणाल्या, पण कॅसेटांचं नाव काढलं नव्हतं. मीच घातल्या. मला वाटलं, माझ्यामुळं तुमचा जीव घुटमळायला नको. आणि अजून एक. तो आवाज ऐकल्यावर मला वाटलं, हा घरात राहिला तर मी रोज दाराकडं बघणार, भाकरी तव्यावर जळणार, मी काही जगत नाही. दहावीचं, उजूचं, कशाचं म्हणून डोक्यात आलं नाही. आई ना मी? मग कसं आलं नाही?

संध्याकाळी भाऊजी परत आले. म्हणाले, “पिशवी जड हुती वैनी, पटदिशी बुडाली.” तेव्हा कळलं मी काय बुडवलं ते.

आणि उजूनं विचारलं, तेव्हा मी काय सांगितलं, माहितीय? म्हटलं, “हेडसरांनी तपासायला नेल्यात. गाणी आहेत का बघतो म्हणाले. यंत्राबरोबर देतील.” बिचारा माणूस तुमच्या माघारी घरी येऊन बसून गेला, कमिटीपुढं आपण होऊन कागद ठेवला, आणि मी त्याच्या नावावर चोरी घातली. पोरगी तीन महिने वाट बघतेय. सहामाहीत दोन विषय राहिले तिचे. आजवर ती कधी नापास झाली नव्हती.

आज वॉकमन आला, तर आत एक कॅसेट होती. नववीचा भूगोल. दहावीला तिचा काय उपयोग? पण उजूनं सेल घातले आणि संध्याकाळभर कानाला लावून बसली. मधेच म्हणाली, “आई, ये की. तू पण हायस ह्यात.” वायरीचं एक बोंडूक तिनं माझ्या कानाला लावलं. तुम्ही काळ्या मातीबद्दल वाचत होतात. सुट्टीला आला होतात तेव्हा घरी भरलेली दिसते, मागं आपली शेळी ओरडत होती. वाचता वाचता थांबलात आणि हाक मारलीत, “सुमन, च्या झाला का गं?” आणि लांबून माझा आवाज आला, “आणते, आणते! जरा दम धरा!”

किती वसकन बोलले होते मी! आणि मी आत्तासुद्धा उठले हो, चहा ठेवायला. खरंच उठले. वायर ताणून वॉकमन खाली पडला, तेव्हा भानावर आले.

अशा अकरा होत्या. त्यांतल्या कशाकशात तुम्ही माझं नाव घेतलं होतं, कोण सांगणार आता?

उजू म्हणाली, “दहावीच्या कॅसेटा शिपाईमामा इसरलं वाटतं. उद्या मी हेडसरांनाच सगळ्यांम्होरं इचारते. माजी पुस्तकं हायत ती.” आणि तुमच्यासारखीच मान ताठ केली. शाळा अकराला भरते. माझ्याजवळ उद्याची सकाळ आहे फक्त.

आबा, मी काय करू? हेडसरांकडून हरवल्या म्हणू? उंदरांनी फीत कुरतडली म्हणू? सगळं मनात येऊन गेलं. तुमच्या आईनं टाकायला लावल्या, असंही येऊन गेलं. म्हातारीच्या माथी मारायला निघाले होते! आणि हे पत्र लिहितेय तर उजू इथंच बसलीय, शेंगा सोलतेय. विचारते, “काय लिवतीस गं मगापासनं?” मी म्हटलं, “किराण्याची यादी.” तिनं मान हलवली. मी वही तिच्यासमोर उघडी ठेवून लिहितेय. लपवायची गरजच नाही मला. ती हे जन्मात वाचू शकणार नाही. तुमच्या पोरीच्या डोळ्यांसमोर मी सगळं कबूल केलं, आणि तिला पत्ता नाही. इतकी वाईट झाले मी.

तर ऐका. बाजारात कोऱ्या कॅसेटा मिळतात. मी सातवी पास आहे, मराठी, इतिहास, भूगोल वाचता येईल, अडखळत का होईना. इंग्रजीसाठी शाळेतल्या बाईंच्या दारात बसेन, हाकललं तरी बसेन. परीक्षेला चार महिने आहेत, पोरीची दहावी मी बुडू देणार नाही. तुमच्यासारखं हसवता नाही येणार मला. पण धडे भरीन, एकूण एक.

आणि त्याच्या आधी, उद्या सकाळी, उजूला पुढ्यात बसवून हे पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवीन. ‘उजूचे आबा’पासून माझ्या नावापर्यंत, पिशवीत काय काय घातलं तेही, एक ओळ न गाळता. मग ती माझ्याशी बोलो न बोलो.

तुमची
सुमन