रेडिओच्या पाठीमागची दोन भोकं

भिलाई, ५ जानेवारी १९६५

सौ. अंजनास,
सप्रेम जयभीम वि. वि. मी खुशाल. आईची आन तुझी खुशाली कळव.

आमच्या कारखान्यातला आकाराम रजेवर गावाकडं आलाय, त्याच्याबरोबर तबकड्या वाजवायची पेटी धाडलीय; रेडिओला जोडली की त्यातनं गाणं येतं. आमचा रशियन सायब मायदेशी गेला, जाताना मला देऊन गेला. पर आकारामाचं कार्ड आलंय की रेडिओला जोडायच्या वायरीची मुंडी वाटंत तुटून पडली. गड्याला पेटी सांभाळाय सांगितली, त्यानं चिवड्याचा डबा सांभाळला.

मुंडीवाचून अडत न्हाई. आधी रेडिओचा प्लग भिंतीतनं काढ. पाठीमागं तबकडीचं चित्र हाय, त्याखाली दोन भोकं. वायरीचं टोक सोलून दोन तारा त्यात घाल आन काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट कर.

मला क्वार्टर मिळालं, आता तुला हिकडं आणायचंय. आई म्हणती, जिला उतू जाणारं दूध दिसत न्हाई ती परमुलखात काय संसार करणार. पेटी वाजवून दाखव, म्हंजी तिचं तोंड बंद. ही ओळ वाचून दाखवू नको.

माया हाय तशी ठेव, वाढली तर हरकत न्हाई.
तुझा केरू

पलूस, १२ जानेवारी

घरधन्यांस अंजनाचा सप्रेम जयभीम वि. वि.

ती ओळ वाचून झाल्यावर कळलं की वाचायची नव्हती. आता आत्याबाई माझ्याशी मांजराकरवी बोलतात. भाकरी करपली म्हणून तिला सांग, असं मांजराला सांगतात.

तुमी दोन तारा लिवल्या, मला एकच गावली. तिच्यावर तांब्याची बारीक जाळी होती, ती वेष्टण समजून मी ओरबाडून काढली. आत्याबाईंनी तिनं तांब्या घासला, लय लख्ख निघाला. आतली तार भोकात घातली तर गाणं न्हाई, नुसता भुंगा. शेजारच्या हरणाबाई म्हणाल्या, आत पोळं हाय. आत्याबाई मांजराला म्हणाल्या, हिला भिलाईला धाडलं तर पोरगं जन्मभर भुंगाच ऐकंल.

मला यायचंय वो. नीट लिवा.

आठवण राहू द्यावी.
तुमची अंजना

भिलाई, १९ जानेवारी

सौ. अंजनास सप्रेम जयभीम.

हसून हसून पाळीला उशीर झाला, फोरमननं झापलं. अगं येडे, ती जाळीच दुसरी तार! वायर आणखी सोल. जाळी तोडू नको, उसवून एका अंगाला घे आन वेणीसारखा पीळ दे. ती एका भोकात, मधली तार दुसऱ्यात. एकमेकींना शिवू देऊ नको. भुंगा आलाच तर अदलाबदल कर. आन आईला म्हणावं, तांब्याला काथ्या बरा.

आकारामाची रजा सरत आलीय. त्याच्यासंगं आलीस तर आलीस, न्हाईतर वरीसभर भेट न्हाई. मला हितं करमत न्हाई. कामावरनं येतो, कुलूप काढतो, चार भिंती बघतो, पुन्हा कुलूप लावून भटकाय जातो.

दोघींनी माझ्यावर राग धरू नये.
केरू

पलूस, २७ जानेवारी

घरधन्यांस सप्रेम जयभीम.

पेटी वाजली! सारी आळी दारात गोळा झाली. आत्याबाई मांजर सोडून थेट माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, आता तू कुठं जायचं न्हाईस, ही पेटी लावणार कोण?

मला रडूच आलं. मग काड्या उपसल्या, तारा मोकळ्या केल्या आन भाकऱ्या थापाय बसले. आत्याबाईंनी पेटीभोवती फेऱ्या घातल्या. शेवटी प्लग काढून स्वतःच मांडी ठोकली. मी चुलीपासनं तोंडानं सांगत गेले, हात लावला न्हाई. जाळीला त्यांनी असा पीळ दिला, माझ्या वेणीला कवा दिला न्हाई. पहिल्यांदा भुंगाच आला. मी भाकरी उलटली. त्यांनीच तारा अदलाबदल केल्या आन गाणं लागलं.

लय वेळ ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, जा तू, पर पेटी हितंच राहील, आन हरणाबाईनं तिला हात लावायचा न्हाई.

रविवारी आकारामभावजींसंगं निघते. क्वार्टरात पेटी नसंल, गाणं मीच म्हणीन. आन कुलपाची किल्ली माझ्याकडं राहील. पळायचं न्हाई.

भेटीपर्यंत माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची अंजना