‘राखड’च्या तिसऱ्या कॅसेटची व्यवस्था

“हे गाणं नाही वं पोरी, हे भांडण हाये. पण खरं हाये, चालू द्या,” असं दादाजी नंदेश्वर मला १९९८ साली म्हणाले होते. त्यांच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्राची खोली आम्ही तालमीसाठी मागायला गेलो होतो आणि नमुना म्हणून एक गाणं वाजवून दाखवलं होतं. आज कागद पुढे ओढला तेव्हा हेच वाक्य आधी आठवलं, म्हणून मृत्युपत्राची सुरुवात त्याने करते. वकिलांना हे आवडलेलं नाही.

मी, सुरुची ताराचंद धकाते, वय ४६, अविवाहित, व्यवसाय शिक्षकी, राहणार मानकापूर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया आहे. गाठ कर्करोगाची आहे. मी जन्मात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला नाही. माझा थोरला भाऊ वैभव रोज खातो आणि ठणठणीत आहे. १९९९ मध्ये जबडा जिथे मोडला होता, गाठ तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात दोन्हींचा संबंध नाही. मी डॉक्टरांचं ऐकते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाचा एक फोन आला होता, त्याचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. मानकापूरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी माझी भाची रुचिका, म्हणजे वैभवची मुलगी, हिला देते. तो तिच्या एकटीच्या नावावर व्हावा. बापाच्या नाही, होणाऱ्या नवऱ्याच्याही नाही. दाराला आतून कडी लावता येईल अशी जागा बाईकडे असावी. एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे नव्हती.

२. बँकेत जे उरेल ते माझी आई रुख्माबाई हिच्या औषधपाण्याला. माझा जबडा तारेने बांधलेला असताना तिने मला चमच्याने पेज भरवली आणि त्याच हाताने खोलीला बाहेरून कुलूप घातलं. मला दोन्ही लक्षात आहे.

३. लोखंडी तवा वैभवला. बाबांच्या तेराव्याला तो मला म्हणाला, “झालं ते झालं. आता तरी हास वं.” मी तवा त्याच्या कपाळात घातला. भुवईवरची खूण अजून आहे. पश्चात्ताप नाही. तवा मात्र तेव्हापासून मधे बसका झाला आहे, पोळी कडेने कच्ची राहते, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

४. भिंतीवर टांगलेली गिटारची मान माझ्याबरोबर जाळावी. बाकीची गिटार कुठे गेली ते पुढे येतं.

५. आता ‘राखड’बद्दल. हे कलम लांबेल.

आम्ही खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलो. बाबांनी उमरेडचा हातमाग सोडून तिथे नोकरी धरली होती. वाळलेले कपडे झटकले की त्यातून कोळशाची राख उडायची. तिला तिकडे राखड म्हणतात, तेच आमच्या बँडचं नाव. दादाजींचा मुलगा प्रेमानंद ड्रम वाजवायचा, धम्मदीप रंगारी बेस गिटार, आणि मी गिटार वाजवून ओरडायचे. ‘पंक’ हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. धम्मदीपच्या मामांना रेल्वेच्या डब्यात कोणाची तरी विसरलेली कॅसेट सापडली होती, तिच्यावरचं लेबल निघून गेलेलं. तिच्यात तीन सूर होते आणि प्रचंड राग होता. तीन सूर आम्हीही शिकलो.

आमचं एकही गाणं दोन मिनिटं टिकायचं नाही. कोणाच्या तरी कानाखाली वाजवून पळावं तशी ती संपायची. प्रेमानंदची बोटं फुटून रक्त ड्रमच्या कातडीवर पडायचं; तो ते शर्टाच्या बाहीने पुसायचा आणि पुढचं गाणं मोजायला काठ्या वर करायचा. खोलीत माइक दोनच होते. एक माझ्या तोंडाशी, दुसरा पंख्याच्या हुकाला टांगलेला. प्रेमानंदसाठी माइक नव्हता, आणि तसाही तो फार बोलायचा नाही. त्याच्या-माझ्यात काही होतं का, असं लोक अजून विचारतात. होतं की नव्हतं हे ठरायला आम्हाला वेळ मिळाला नाही.

दोन कॅसेट खोलीत भरल्या. तिसरी २६ जानेवारी १९९९ ला दुपारी, वसाहतीच्या मैदानावर. टेप स्टेजखाली ठेवला होता.

तिसऱ्या गाण्याला वैभव चार मित्र घेऊन स्टेजवर चढला. त्याच्या हातात हॉकी स्टिक, त्यांच्या हातात काठ्या. धकात्यांची पोरगी ‘त्यांच्या’ पोरांसोबत माइक धरून नाचते, असं त्याला पानटपरीवर कोणीतरी ऐकवलं होतं. पहिला फटका गिटारवर बसला, दुसरा माझ्या जबड्यावर. मी माइकचा स्टँड उलटा धरून त्यांच्यातल्या एकाच्या गुडघ्यावर मारला. हाड मोडल्याचा तो आवाज टेपवर आहे आणि ऐकताना मला अजून बरं वाटतं. मग मी पडले, थोड्या वेळाने शुद्धही गेली. धम्मदीपला स्टेजच्या मागे ढकलून दिलं. उरला प्रेमानंद. ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाला पळायला वाट नसते; समोर ड्रम, मागे पडदा. त्यांनी त्याला स्टुलावरून खाली घेतला आणि डोक्यावर, बरगड्यांवर, तो ज्या हातांनी वाजवायचा त्या हातांवर मारत राहिले.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तो शुद्धीवर न येता वारला. खटला उभा राहिला. स्टेज कोसळलं, असं साक्षीदारांनी सांगितलं. त्यात माझे बाबा होते. मी खरं सांगितलं, ते भावावरच्या रागातून बोलते म्हणून सोडून दिलं गेलं. दादाजी कॅसेट घेऊन वकिलाकडे गेले, पण पडलेल्या स्पीकरची घरघर इतकी की खाली कोण काय बोलतं ते कळेना. सगळे सुटले. “नुसती घरघर हाये,” असं दादाजींनी घरी बायकोला, अंजनाबाईंना सांगितलं आणि कॅसेट माझ्या स्वाधीन केली. ते आता नाहीत.

६. गेल्या वर्षी पुण्याच्या मिनल नावाच्या मुलीला नागपूरच्या रविवारच्या जुन्या बाजारात, भजनांच्या कॅसेटच्या खोक्यात, आमची पहिली कॅसेट मिळाली. ती विसरली गेलेली गाणी शोधून पुन्हा काढते. कव्हरवर आमची नावं होती, त्यावरून तिने धम्मदीपला गाठलं. आमची चार गाणी तिने इंटरनेटवर टाकली. ज्यांनी आम्हाला तेव्हा शिव्या दिल्या त्यांची मुलं आता ती ऐकतात, आणि देशात असं वाजवणाऱ्या अगदी पहिल्यांमध्ये आम्ही होतो असं मिनल म्हणते. असू. आम्हाला त्या वेळी फक्त खोली हवी होती.

तिसरी कॅसेटही मी तिला दिली. तिने संगणकावर ती साफ केली. घरघर गेली आणि खालची माणसं ऐकू यायला लागली. प्रेमानंद म्हणतो, “वैभवभाऊ, बस करा नं. चष्मा फुटला माहा.” वैभव म्हणतो, “भाऊ नको म्हणू मले.” मग फटका. “वैभवभाऊ...” पुन्हा फटका. मग “आई वं.” त्यानंतर तो नाही, फक्त काठ्या आहेत, आणि त्या बराच वेळ आहेत.

तिन्ही कॅसेटमध्ये मिळून त्याचा बोललेला आवाज एवढाच.

मिनल म्हणाली, “ताई, हा भागच रेकॉर्डचा प्राण आहे. लोक हादरून जातील.”

“हादरतील आणि पुढचं गाणं लावतील,” मी म्हटलं. ती रडली. पोरगी वाईट नाही.

वैभवला हे धम्मदीपकडून कळलं. त्याचा फोन आला. “जाळून टाक वं ते. रुचिकाचं जुळून राहिलं, काहून उकरून राहिली?”

“तू ऐकलं का पण?”

“मले ऐकाची गरज नाही.”

“गरज नाही का हिंमत नाही?”

त्याने फोन ठेवला.

मग अंजनाबाई आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, जिना चढून, एकटी. चहा घेतला नाही.

“तो बोलते म्हणे त्यात?”

“बोलतो, काकू. पण मारतानाचं आहे.”

“माहा पोरगा कशानं मेला ते मले माहीत हाये, बाई. तू नको सांगू.” मग पदर सावरला. “फोटो हाये माह्याजवळ. आवाज नाही राहिला. आठवाले बसतो तं त्याच्या बापाचाच येते.”

मी लगेच लावते म्हटलं. नको म्हणाल्या. “तुह्यं ऑपरेशन होऊ दे पहिले. एकटीनं नाही होणार माह्यानं. कोणी पाहिजे जवळ बसाले.”

७. म्हणून व्यवस्था अशी. ‘राखड’ची सगळी गाणी मिनलने खुशाल काढावीत, धम्मदीपची संमती आहे, माझी या लेखाने देते. माझा हक्क माझ्यानंतर अंजनाबाईंचा. नावं छापताना प्रेमानंदचं आधी. मारहाणीचा भाग कोणत्याही रेकॉर्डवर, कार्यक्रमात, जाहिरातीत वापरू नये. तो आम्ही वाजवलेला नाही. तो नष्टही करू नये. मूळ कॅसेट आणि साफ केलेली प्रत, दोन्ही मी अंजनाबाई दादाजी नंदेश्वर यांना देते. त्यांनी ती ठेवावी, पुरावी, लोकांना ऐकवावी. आईला कोणी अटी घालू नयेत.

८. मी मंगळवारनंतर उठले तर अंजनाबाईंजवळ मी बसेन. जीभ राहील की नाही सांगता येत नाही, पण बसायला जीभ लागत नाही. न उठल्यास, बाकी सर्व कलमांसाठी धम्मदीप रंगारी माझा व्यवस्थापक राहील. सातव्या कलमातली कॅसेट पोचवण्यापुरता मात्र मी वैभव ताराचंद धकाते याला व्यवस्थापक नेमते. वकिलांनी मला दोनदा विचारलं, नक्की का. नक्की.

वैभव, हे तुला. कायद्याने तुला नकार देता येतो. तू दिलास तर धम्मदीप जाईल. तुझ्या नकाराने रुचिकाच्या घराला धक्का लागणार नाही, हा सौदा नाही. शिक्षाही नाही, ती मी तव्याने केली. पण मी बेशुद्ध होते, धम्मदीप स्टेजच्या मागे पडला होता, आणि प्रेमानंद शेवटचं जे काही बोलला ते तुझ्याशी बोलला. अंजनाबाई विचारतील: चष्मा कुठे पडला, तो कोणत्या कुशीवर होता, आई म्हणाला तेव्हा डोळे उघडे होते का. या प्रश्नांची उत्तरं टेपवर नाहीत. ती जगात एका माणसाजवळ आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी, की तू कॅसेट घेऊन त्यांच्या घरी जावं, बटण आपल्या हाताने दाबावं, टेप संपेपर्यंत त्यांच्याजवळ खाली बसावं आणि त्या जे विचारतील ते सांगावं. तू जाणार नाहीस. तुझा नकार वकिलाच्या ऑफिसात टाईप होऊन येईल, हेही मला दिसतं आहे. तरी विनंती केली आहे, ती मागे घेत नाही.

ठिकाण: नागपूर
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६

सही: सुरुची ताराचंद धकाते

सुरुचीताईंनी वरील मजकूर आम्हा दोघांसमोर वाचून दाखवला, आम्हा दोघांसमोर सही केली, आणि नंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार १: प्रीती वासनिक, सहशिक्षिका
साक्षीदार २: मोहित ठवकर, शेजारी