दुसऱ्या सीडीतला मी

हैदराबाद, नोव्हेंबर २००६, रविवार संध्याकाळ

ओरिजनल पिक्चर घेताना मी डब्यात दोन सीड्या आहेत का ते पाहतो. पिक्चर नंतर. आधी तो कसा बनवला ते दाखवणारी दुसरी सीडी. एका पिक्चरच्या सेटवरल्या हवेलीचं प्लास्टर आम्हीच केलं होतं. त्याच्या दुसऱ्या सीडीत मी दिसतो, खांद्यावर पोतं, पुरा पांढरा. गावात विचारतात, पोरगा तिकडं करते तरी काय? म्हणून ती मायले पाठवायची होती.

माझ्या खोलीतला संतोष आमच्या गावाकडं, उमरखेडला गेला, तर पहिलीच घेऊन गेला. वापस आल्यावर म्हणते, "अबे, दुसरीत पिक्चरच नाही, मंग कायले नेऊ?"

आज मायचा फोन. कापूस वेचून आलेल्या बायांले बसवून तिनं तीन तास पिक्चर पाह्यला. "दिसला रे तू! लाल शर्टात, पंगतीत वाढून राह्यलता. मीच वळखलं पह्यले!"

मी पिक्चरमध्ये नाहीच. तरी हो म्हटलं. काहून म्हटलं?

दुसरी सीडी पाठवली तर पोतंवाला खरा मी दिसीन, पण बायांसमोर माय खोटी पडन. सीडी फडक्यानं पुसून डब्यात ठेवली. घरी जायच्या आधी एक लाल शर्ट घ्यावा लागीन.