थंड दगडाचा काही दोष नाही

बर्गन, रविवार

माझ्या हट्टी आईस तिच्याहून हट्टी लेकीचा नमस्कार.

तुझ्या नातीचा, तिरिलचा, ताप उतरलाय. काल तिने माशाचे गोळे मागून मागून खाल्ले.

आता नीट ऐक. हे थंड दगडावर बसल्याने झालेलं नाही. तिची लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते, तिथे जंतू वाढतात आणि ताप येतो; हे जन्मापासूनच आहे. तू विणलेल्या लोकरीच्या चड्डीने ते थांबणार नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशन करा, नाहीतर रोज औषध देऊन वर्षभर वाट बघा. निवड तुमची."

तुझा जावई एइविंद म्हणाला, "उरकून टाकू!" मी म्हटलं, "माझी पोर म्हणजे काय तुंबलेली मोरी आहे?" वयाबरोबर हे बऱ्याचदा आपोआप सुटतं. आम्ही थांबतोय. मी दिवसातून दहादा तिच्या कपाळाला हात लावते, ते सोड.

डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी तुम्हालाही असा ताप यायचा?" हे घराण्यात चालत येतं म्हणे. मला यायचा ना, आई? आणि तू मला दगडावर बसते म्हणून रागवायचीस.

तुझा गुडघा कसा आहे? उन्हाळ्यात येतोय. तिरिल धक्क्याजवळच्या त्याच दगडावर बसेल. तिला उठवायचं नाही. वाटलंच तर तिच्या शेजारी बस.

तुझीच,
गुन्वोर