कपाटातला आवाज परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
बाल साहाय्य साधन वाटप समिती,
परभणी.

अर्जदार : सौ. सविता गोपाळ काळदाते, रा. चारठाणा, ता. जिंतूर.

विषय : मुलगी ओवी हिचा बोलका टॅब परत मिळणे व मला बोलता येते अशी नोंद होणेबाबत.
संदर्भ : दि. ०४/०८/२०२५ ची फेरतपासणी.

महोदय,

हात जोडून अर्ज करते की,

१) माझी मुलगी ओवी, वय ५, हिला स्वमग्नता आहे. ती बोलत नाही. समितीनेच दिलेल्या टॅबवर ती चित्र दाबते आणि टॅब तिची गरज बोलून दाखवतो. यंत्राच्या आवाजाला ती कान झाकायची, म्हणून त्यात आवाज माझा भरला आहे.

२) फेरतपासणी श्रावणी सोमवारी होती. सोमवारी पूजा होईपर्यंत माझे मौन असते. पहाटेची गाडी धरल्याने पूजा राहिली होती. कारकून साहेबांनी खाली मान घालून नाव विचारले. मी हात जोडले. तेवढ्यात ओवीने चित्र दाबले आणि "मला पाणी पाहिजे" असा आवाज आला. साहेबांनी मान वर न करता लिहिले, मुलगी स्पष्ट बोलते, आई बोलत नाही.

३) त्यामुळे ओवी अपात्र ठरून टॅब जमा झाला आणि मूक असल्याचा दाखला मला मिळाला. दुसऱ्या दिवशी येऊन मी अर्धा तास बोलले. साहेब म्हणाले, "ताई, कागदावर तुमी बोलत न्हाईत. तोंडी तक्रार कशी घेऊ? लेखी द्या." म्हणून हा अर्ज.

४) जमा झालेल्या टॅबवरून शिपाई मुंजाजीभाऊ माझ्या आवाजात चहा मागवू लागले. गुरुवारी त्यांच्याकडून चुकीचे चित्र दाबले गेले आणि भर कार्यालयात "मला शूला जायचंय" असे माझ्या आवाजात ऐकू आले. मी ओवीला कडेवर घेऊन दारातच उभी होते. साहेबांनी मान वर न करता "डाव्या हाताला हाय" असे सांगितले. मी घरंदाज बाई आहे, महोदय.

५) मग टॅब कपाटात गेला. ओवी माझ्या कडेवरून उतरली आणि कपाटाच्या दारावर बोटे फिरवत चित्र शोधत राहिली. घरी ती आता मनगट चावते. मी पाणी देते, भाकर देते, पंखा लावते. काय हवे होते ते लय वेळा चुकल्यावर कळते, कधी कळतच नाही.

६) तरी टॅब परत द्यावा व माझा दाखला रद्द करावा. तपासणी पुन्हा सोमवारी आली तर मी मौन मोडीन. महादेवाला न बोललेलेही ऐकू येते, त्याची समजूत मी काढीन. फक्त लिहिणाऱ्याने एकदा मान वर करून माझ्या लेकीकडे बघावे, एवढीच विनंती.

आपली, बोलता येणारी,
सविता गोपाळ काळदाते
दि. १९/०८/२०२५

सोबत :
१. मी मूक असल्याचा दाखला, मूळ प्रत
२. ओवीच्या मनगटाचा फोटो
३. बेलपान, एक (हे परत नको)