मागचा दिसेपर्यंत

शहाड,
८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

पहिला टप्पा पार पडला. कोलशेतहून निघाले ती कशेळीच्या पुलावरून, भिवंडीची धूळ खात काल दुर्गाडीपर्यंत आले आणि आज इथे सगुणाकाकूंकडे पोचले. पाय दुखतात, पण तक्रार करण्याइतके नाहीत. काकूंनी तुझी आठवण काढली. शाळेत तू भूगोल शिकवताना नकाशा उलटा टांगला होतास ती गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगितली.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुला दिसत नाहीत, म्हणून पत्रांचा हा उपाय मला खरं तर आवडलाय. दिवसभर दादाचं सगळं करणाऱ्या भावनाला मी रोज फोन करते, पण ती ‘दादा ठीक आहेत ताई’ यापलीकडे काही सांगत नाही. माझ्या मुक्कामांचे पत्ते फ्रिजवर लावलेत. चुंबक सैल आहे, कागद पडला तर उचलून ठेव.

निघताना दादाकडे मी नीट बघितलं नाही. त्याच्या गळ्याभोवती बाबांचा निळा मफलर गुंडाळला आणि वळले. बघत बसले असते तर निघालेच नसते. ज्या आजाराने त्याचा एकेक स्नायू बंद पाडला, त्यावरच्या संशोधनासाठी लोक माझ्या दर किलोमीटरमागे पैसे देणार आहेत, तेव्हा एकही किलोमीटर गाडीने व्हायला नको, एवढंच डोक्यात ठेवलंय. मुक्कामावरून रिक्षाने औषध आणायला गेले तर ते मोजायचं नाही ना, असं मी देणगीदारांच्या ग्रुपवर दोनदा विचारून घेतलं. लोक हसले.

एक गोष्ट सांगू का नको असं झालंय. काकूंनी दोन ताटं घेतली होती. मी एकटीच आहे म्हटल्यावर त्या गोंधळल्या. म्हणाल्या, मगाशी बाल्कनीतून पाहिलं तर तुझ्याआधी एक उंच मुलगा गेटशी येऊन उभा राहिला होता, गळ्यात निळा मफलर, चवडे घासत चालणारा. त्यांना वाटलं माझ्याच सोबतचा. खाली जाऊन पाहिलं तर कोणी नव्हतं. असेल कोणीतरी.

दादाचे पाय रात्री झाकलेले असू देत. तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.

तुझी,
हेमांगी


कोलशेत,
११ डिसेंबर २०२४

चि. हेमांगीस,
वासंतीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. कागद फ्रिजवरून पडला होता, उचलून ठेवला. नकाशा मी उलटा टांगला नव्हता, शिपायाने टांगला होता, आणि सगुणाला ते पक्के माहीत आहे. तू घरातून निघून लिफ्टमधून दोनदा परत आलीस, गॅस पाहायला आणि गॅस पाहिला की नाही ते पाहायला. भावनाला त्याचे अजून हसू येते.

साकेत बरा आहे. फक्त झोप वाढली आहे. सकाळी तू चालायला लागत असशील त्या सुमारास त्याचा डोळा लागतो तो थेट दिवेलागणीला उघडतो. मध्ये हाक मारली, गालाला पाणी लावले तरी जागा होत नाही. उठतो तेव्हा थंडीतही कपाळ घामेजलेले असते. भावना म्हणते, दादा लांबून कुठून चालत आल्यागत दमतात. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतो आहे, त्याचाच हा भाग.

निळा मफलर घेणारी माणसे जगात पुष्कळ असतात. जेवणाची आबाळ करू नकोस.

सदैव तुझे बरे चिंतणारी,
आत्या


वैशाखरे, नाणेघाटाचा पायथा,
१६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुरबाडला मिळालं. ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी झोपेच्या ओळीपाशी थांबले. दादाला झोप कधी लागते, हे तू माझ्या चालण्यावरून का मोजलंस?

बाबांचा डोंगरातला नियम तुला आठवत असेल. आम्हा दोघांना ते बदलापूरच्या डोंगरात न्यायचे तेव्हा दादा नेहमी पुढे आणि मी मागे. वाट फुटली की पुढच्याने दगडाखाली एक हिरवं पान ठेवायचं. देठ जिकडे, तिकडे वाट. आणि शेवटच्या फाट्यावर, मागचा दिसेपर्यंत पुढच्याने उभं राहायचं. ऊन असो, भूक असो, हलायचं नाही. मागच्याने हाळी द्यायची, तू हो पुढे, मग पुढचा सुटला. घरी आल्यावर मात्र मागचा आधी आत शिरणार. बाबा म्हणायचे, म्हणजे कोणी मागे राहिलं का ते मोजावं लागत नाही.

मुरबाड सोडल्यापासून मला दगडाखाली पानं सापडतायत. करवंदीची, ताजी, देठातून चीक आलेली. आधी वाटलं गुराखी पोरं असतील. पण देठ दर वेळी माझ्याच वाटेकडे असतो.

परवा पाय मुरगळला. अंधार व्हायला आला होता म्हणून एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसले आणि टोकावड्यापर्यंत आले. रात्रभर मन खात होतं. सकाळी रिकाम्या जीपने उलटी गेले आणि सुटलेला तुकडा चालून काढला. आत्या, त्या तुकड्यातही प्रत्येक फाट्यावर पान होतं. पण ती पानं ताजी नव्हती, आदल्या दिवशीची, सुकून कडा वळलेली. मी गाडीवर होते तेव्हा कोणीतरी तो तुकडा चाललं होतं.

इथे ज्यांच्याकडे उतरलेय ते सहदेवभाऊ म्हणाले, तुमचा माणूस दुपारीच आला. कुंपणापाशी उभा राहिला, आत या म्हटलं तर मान हलवून नको म्हणाला, वाटेकडे बघत राहिला. पाण्याचा तांब्या दिला तो त्याला धरता येईना. मग तुम्ही वळणावर दिसलात आणि हा दिसेनासा झाला. सहदेवभाऊंना त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे चालणारा थांबतोच, असं म्हणाले.

दादाचं खरं काय ते लिही. मला जपून लिहू नकोस. तुला शपथ घालत नाही, पण घातली आहे असं समज.

तुझी,
हेमांगी


कोलशेत,
२० डिसेंबर २०२४

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

हे जुन्नरच्या पत्त्यावर पाठवते आहे. जपून लिहू नको म्हणालीस, म्हणून जसे आहे तसे लिहिते.

मागच्या गुरुवारी भावनाने साकेतचे लोकरी मोजे धुवायला काढले. ते कुसळांनी भरलेले होते. घोट्यापर्यंत, सोललेल्या काड्यांसारखी टोचणारी पिवळी कुसळे. आपण बाराव्या मजल्यावर राहतो. खाली टाइल्स आहेत आणि कुंड्यांत मनीप्लांट. मी स्वतःला सांगितले की मोजे कुठेतरी गवतावर वाळत पडले असतील. मग त्याच्या टाचा पाहिल्या. दोन वर्षे जमिनीला न लागलेल्या, लहान मुलासारख्या मऊ झालेल्या टाचा. उजवीवर फोड होता, फुटलेला. भावनाने हळद लावली, मी मोज्यांतली कुसळे वेचत बसले.

डॉक्टरांनी श्वास तपासला. म्हणाले, एवढ्या श्वासावर माणूस टिकतो कसा हेच कळत नाही, घरच्यांना बोलावून घ्या. मी साकेतला विचारले, हेमाला बोलावू का? त्याने दोनदा डोळे मिटले, म्हणजे नाही. मग मी मुळाक्षरांचा तो तक्ता घेतला, ज्यावर तुम्ही दोघे शाळेच्या आधी माझ्यापाशी बसून शिकलात. अक्षरांवरून बोट फिरवत गेले आणि तो पापणी मिटेल तिथे थांबत गेले. फार वेळ लागला. अक्षरे जुळली ती अशी: ती दिसेपर्यंत उभा.

मी आयुष्यभर मुलांना पृथ्वी कशी फिरते ते शिकवले. ज्याचे कारण सांगता येत नाही ते मी शिकवले नाही. याचे कारण मला सांगता येत नाही.

यायचे की चालत राहायचे ते तू ठरव. तो नाही म्हणाला, हे मात्र विसरू नकोस.

तुझी,
आत्या


बदलापूर,
५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादा नाही म्हणाला म्हणून चालत राहिले. जुन्नर, भीमाशंकर, खाली कर्जत आणि आता इथे आसावरीकडे. आसावरी माझी कॉलेजची मैत्रीण. तिच्या घरी मी मुक्काम एकदा वाढवला, मग आणखी एकदा. पायाला सूज आहे असं ग्रुपवर कळवलं. सूज उतरून बरेच दिवस झाले. हे खोटं मला झोपू देत नाही, तरी मी उठत नाही.

कारण मी त्याला पाहिलं. कर्जत सोडल्यावर, टेकडीच्या वळणावर, पाठमोरा. अंतर बरंच होतं, पण चाल कोणाची ते मला विचारायची गरज नाही. आता दोन्ही पाय घासतात. दर थोड्या पावलांनी झाडाला धरतो. मी जोरात चालले की अंतर तेवढंच राहतं, मी बसले की तोही टेकतो. फाट्यावरची पानंसुद्धा बदललीत. पूर्वी मुठीएवढा दगड असायचा. आता बोटाच्या पेराएवढा खडा. त्याहून मोठं त्याला उचलवत नसणार.

इथून घर दोन दिवसांवर आहे. आणि शेवटचा फाटा त्याच्या आधी. मी तिथे पोचले नाही तर त्याला थांबावं लागेल, बाबांचा नियम आहे. म्हणजे मी इथेच राहिले तर दादा राहील. आत्या, हिशेब इतका सोपा आहे की मला स्वतःची भीती वाटते. लोकांना दिलेला शब्द मोडेन, मला चालेल. मी इथे महिनाभर राहू शकते. वर्षभर राहू शकते. आसावरी काही बोलणार नाही.

मी चुकत असेन तर सांग. चुकत नसेन तर तेही सांग.

तुझी,
हेमांगी


कोलशेत,
८ जानेवारी २०२५

चि. हेमास,
आशीर्वाद.

तू चुकते आहेस की नाही हे मला ठरवता येत नाही. तुम्हा दोघांना मी जन्म दिला नाही, पण गुरुदत्त आणि वहिनी गेल्यावर एका ताटात भरवले आहे. त्यातला एक घास मी माझ्या हाताने बाजूला काढू शकत नाही. म्हणून ये म्हणत नाही, थांब म्हणत नाही. फक्त इथले लिहिते.

तू बदलापूरला बसलीस तेव्हापासून साकेतला दिवसाची झोपही नाही. डोळे उघडे असतात, दाराकडे लागलेले. पावले सुजून मोज्यांत मावत नाहीत. आम्ही त्याला निजवले तरी गुडघे ताठ राहतात, उभ्या माणसाचे असतात तसे. भावना आणि मी दोघी मिळून ते वाकवू पाहतो, वाकत नाहीत. काल त्याचा चेहरा उन्हाने रापलेला दिसला. आपल्या त्या खोलीत ऊन येत नाही, तुला माहीत आहे.

गुरुदत्तने नियम केला तेव्हा मी त्याला म्हटले होते, पुढच्याचे फार हाल होतील. तो म्हणाला, मागचा चालत असतो ना, म्हणून पुढच्याला उभे राहवते.

तो उन्हात उभा आहे, हेमा. एवढेच.

आत्या


डोंबिवली,
१२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल पहाटे बदलापूरहून निघाले. आज दुपारी डोंबिवलीला आले, पण मुक्कामासाठी ठरवलेल्या खोलीवर न थांबता सरळ रेतीबंदरच्या बाजूला खाडीवर गेले. तिथे रस्ता फुटतो, एक ठाण्याकडे जातो आणि एक पायवाट पाण्याकडे उतरते. फाट्यावर खडा नव्हता. पान नुसतंच होतं, आणि वाऱ्यात उडू नये म्हणून तो स्वतः त्यावर पाय ठेवून उभा होता.

माझ्याकडे तोंड करून उभा होता. मफलर सुटून एका खांद्यावर आला होता. मला तो नीट गुंडाळायचा होता. जवळ जावं की नाही कळेना, आणि नियमात ते नाही. ओहोटीचा वास येत होता. रिक्षा जात-येत होत्या, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. मी इतका वेळ काही बोलले नाही की त्याचे गुडघे थरथरायला लागले. तेव्हा हाळी दिली. डोंगरात द्यायचो तशीच, तोंडाशी हात धरून, लांब.

“दादा, मी दिसतेय ना? तू हो पुढे.”

त्याने मान हलवली. मग वळला आणि पायवाटेने उतरला. आत्या, तो नीट चालत होता. कॉलेजात असताना चालायचा तसा, हात हलवत.

भावनाला फोन केलेला नाही. तिचाही आलेला नाही, की मीच फोन बंद केलाय, ते आत्ता बघवत नाही. उरलेलं अंतर उद्या चालून घरी येते. मी येईपर्यंत घरात कोणी केर काढू नये, एवढंच वाटतं.

हे पत्र माझ्याबरोबरच येईल. तुझा हात डोक्यावर असू दे.

हेमांगी


कोलशेत,
१२ जानेवारी २०२५

चि. हेमास,
आशीर्वाद.

हे पोस्टात टाकणार नाही. उद्या तू दारात आलीस की तुझ्या हातात देईन, कारण मला बोलता येणार नाही.

साकेत आज दुपारी गेला. डॉक्टर येऊन गेले. मी त्याच्याजवळ बसून शेंगा सोलत होते आणि मला हाक ऐकू आली. हेमा, माझ्या कानांत गेली सहा वर्षे फक्त घरघर आहे. प्रेशर कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही. पण खिडक्या बंद असताना, बाराव्या मजल्यावर, तुझी हाळी मला स्पष्ट ऐकू आली. शेवटचे तीन शब्द तर कानाशी बोलल्यासारखे. मी भावनाला विचारले, कोणी हाक मारली का? नेहमीसारखे तिचे ओठ वाचले: नाही आजी, कोणी नाही. मी साकेतकडे वळले तर त्याचे गुडघे आपोआप वाकले होते, आणि तो कुशीवर वळला होता. दोन वर्षांत त्याला कधी कुशीवर वळता आले नव्हते.

शेजारचे लोक येऊन बसले आहेत. तुझ्यासाठी त्याला ठेवले आहे. केर काढलेला नाही. तू मागची, तू आधी आत ये.

मघाशी डॉक्टरांना सोडायला दार उघडले तेव्हा चपलांच्या स्टँडपाशी करवंदीचे एक पान दिसले. वर काही ठेवलेले नाही, तरी पंख्याच्या वाऱ्याने हलत नाही. मी ते उचललेले नाही, तुलाही उचलू देणार नाही, म्हणून ओलांडताना जपून पाय टाक.

त्याचा देठ घराकडे नाही. जिन्याकडे आहे.

तुझी,
आत्या